दोन पेशांचा माणूस

"एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण आमच्या घराण्यांत वडिलोपार्जित मालमत्तेसारखी चालत आली आहे. आजोबांनीं ती वडिलांस ऐकविली, वडिलांनीं आम्हांस ऐकविली, आणि कांहीं काळापूर्वीं ती भाच्यास ऐकविण्याची पाळी आमच्यावर आली. आमची धाकटी बहीण साताऱ्यास एका कचेरींत नोकरी करते. यजमान वारल्यापासून तिचा सगळा जीव या एकुलत्या मुलांत. तो पुण्यास आमच्याकडे राहून यंत्रशास्त्राची पदवी घेत होता, आणि त्यासाठीं तिनें कर्जहि काढलें होतें. तिसरें वर्ष संपत आलें असतां त्यानें आईस एके दिवशीं कळविलें कीं, हें शिक्षण सोडून मिरजेस जावें आणि तेथें तंबोरे करण्याची विद्या शिकावी असें आपल्या मनांत आहे. त्याच रात्रीं बहिणीचा फोन आला. "दादा, तूंच त्याला नीट समजाव. तुझं तो ऐकेल," एवढेंच ती म्हणाली. हें काम आमच्याकडे यावें यांत एक मोठा विनोद होता. तो तिच्या ध्यानांत आला नसला तरी आमच्या आला होता. त्याचा खुलासा पुढें येईलच.

आम्ही म्हण जिभेवर घेऊन त्याच्या खोलींत गेलों, तों चिरंजीव कॉम्प्युटरपुढें बसून एका लढाईंत गुंतलेले. "मामा, पांच मिनिटं थांबा. एवढं संपलं कीं बोलूं," असें तो म्हणाला. ज्याच्या आयुष्याचा निकाल लावावयाचा त्याला पांच मिनिटें देण्यास हरकत नव्हती. आम्ही शेजारीं खुर्ची ओढून बसलों, आणि बसल्याबसल्या "हा मनुष्य चिलखत कां घालीत नाहीं?" असें एक विचारलें. "चिलखत घातलं तर त्याला मंत्र म्हणतां येत नाहींत," असें उत्तर आलें. त्या उत्तरांतून दुसरा प्रश्न निघाला, दुसऱ्यांतून तिसरा. आणि त्या रात्रीं म्हण जिभेवर तशीच ठेवून आम्ही निजावयास गेलों. पुढचे चार महिने आम्ही तो खेळ खेळत होतों, हें कबूल करण्यास आतां संकोच वाटत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं तरुण मुलें आहेत त्यांस या खेळांचा परिचय असेलच. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चारपांच मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसावें, प्रत्येकानें एकेका काल्पनिक वीराचें सोंग घ्यावें, एकानें सूत्रधार होऊन कथा चालवावी, आणि बिकट प्रसंगाचा निकाल फाशांनीं लावावा, असें त्याचें स्वरूप. आरंभीं त्यांत तीनच पेशे होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. पुढच्याच वर्षीं निघालेल्या पुरवणींत चोर हा चौथा आला. त्यांचा इंग्रजी शब्द 'क्लास' असा आहे. आम्ही त्यास 'वर्ण' न म्हणतां 'पेशा' म्हणतों. कारण तो जन्मानें मिळत नाहीं, खेळणारा आपल्या मर्जीनें पत्करतो, आणि ही मर्जीच खेळाचा प्राण आहे. संकटांतून पार पडल्यावर अनुभवाचे गुण मिळतात, ते ठराविक संख्येस पोंचले कीं वीर एक पायरी वर चढतो. पुढें हाच खेळ कॉम्प्युटरवर आला. भाचा खेळत होता तो 'बॉल्डर्स गेट' हा कॅनडांतील बायोवेअर या मंडळीचा. त्याचा पहिला भाग 1998 सालचा आणि दुसरा 2000 सालचा. फांसे टाकण्याचें आणि बेरजावजाबाक्यांचें काम त्यांत यंत्र करतें. नियम मात्र बहुतांशीं टेबलावरच्याच खेळाचे.

एका वीराच्या अंगीं दोन पेशे आणण्याची त्या नियमांत दोन द्वारें आहेत. मनुष्येतर ज्या जाति, म्हणजे दीर्घायुषी एल्फ, बुटके ड्वार्फ आणि मिश्र वंशाचे लोक, त्यांतील वीर आरंभापासूनच दोन किंवा तीन पेशे बरोबर घेऊन चालूं शकतो. मात्र मिळणारा अनुभव त्या सर्वांत सारखा वांटला जातो. मनुष्यास हें द्वार बंद आहे. त्यानें एक पेशा घ्यावा, त्यांत हवें तितकें चढावें, आणि मग तो खालीं ठेवून दुसऱ्याच्या पहिल्या पायरीवर उभें राहावें. नव्या पेशांत तो जुन्यापेक्षां वर चढेपर्यंत जुनी विद्या त्याच्या कामीं येत नाहीं. वर चढल्यावर मात्र दोन्ही मोकळ्या होतात. नियम करणाऱ्यांच्या मनांत काय असेल तें असो. ज्याला शेंकडों वर्षें जगावयाचें आहे त्यानें दोन वाटा बरोबर चालाव्या आणि ज्याचें आयुष्य आंखूड त्यानें एक ओझें ठेवून दुसरें उचलावें, असा त्याचा अर्थ आम्हीं आपल्यापुरता लावला. आमच्या पुराणांत दोन्हीं तऱ्हांचीं उदाहरणें आहेत. द्रोणाचार्यांच्या ठायीं ब्राह्मण्य आणि धनुर्विद्या एकत्र नांदत होतीं. विश्वामित्राची गोष्ट निराळी. तो आधीं राजा, आणि राज्य टाकून मग तपस्वी.

पहिला वीर निर्माण करतांना आम्हीं घराण्याची म्हण पार गुंडाळून ठेवली आणि एक मिश्र वंशाचा पुरुष योद्धा, मांत्रिक आणि चोर असा तीनही पेशांचा केला. फुकट मिळत असतां कमी कां घ्यावें, हा विचार. भाचा हंसला, पण कांहीं बोलला नाहीं. थोड्याच दिवसांत आमच्या वीराची दशा आमच्या ध्यानांत आली. चिलखत घालावें तर मंत्र बंद. काढावें तर पहिल्याच बाणानें घायाळ. इतरांच्या पायऱ्या भराभर वाढत आणि हा आपला मागेंच. "पाहिलंस? एक ना धड..." असें आम्ही म्हणूं लागलों, तेव्हां भाच्यानें कागद पुढें ओढला आणि हिशेब मांडला. तो हिशेब येथें देतों, कारण त्यानें आमची म्हण अर्धी खोटी पाडली.

योद्ध्यास दुसरी पायरी चढण्यास 2,000 गुण लागतात, तिसरीस एकूण 4,000, मग 8,000, 16,000, 32,000 आणि सातवीस 64,000. म्हणजे दर पायरीची किंमत दुप्पट होत जाते. आतां निव्वळ योद्ध्यानें 64,000 गुण मिळविले कीं तो सातव्या पायरीवर आला. तेवढेच गुण योद्धा आणि मांत्रिक असे दोन पेशे असणाऱ्यानें मिळविले तर वांट्यास 32,000 येतात, आणि तेवढ्यांत तो सहाव्या पायरीचा योद्धा आणि पांचव्या पायरीचा मांत्रिक झालेला असतो. आमच्या त्रिविध वीरासहि तेवढ्या गुणांत योद्धेपणाची पांचवी, मंत्रविद्येची पांचवी आणि चोरीची सहावी पायरी मिळालीच असती. श्रम अर्धे वांटले म्हणजे विद्याहि अर्धीच पदरीं पडते असें आम्ही जन्मभर मानीत आलों. येथें श्रम अर्धे होऊन विद्या एका पायरीनेंच उणी होत होती. कोणत्याहि विद्येच्या पहिल्या पायऱ्या स्वस्त असतात, हें त्याचें कारण. महाग असतात त्या शेवटच्या.

परंतु भाचा प्रामाणिक. त्यानें कागदाची दुसरी बाजूहि दाखविली. नवव्या पायरीनंतर दुपटीचा नियम संपतो, आणि योद्ध्यास पुढची प्रत्येक पायरी सरसकट अडीच लाखांस पडते. तीस लाख गुण मिळविणारा निव्वळ योद्धा विसाव्या पायरीवर असतो. तेच गुण दोहोंत वांटणाऱ्याचा योद्धेपणा चौदाव्या पायरीवर अडकतो. म्हणजे कामचलाऊ माणूस होण्यास दोन विद्या आड येत नाहींत, अव्वल होण्यास येतात. आमची म्हण खरी आहे, पण ती नवव्या पायरीच्या पुढें.

दुसरी एक गोष्ट आम्ही शिकलों ती पेशांच्या पोटशाखांवरून. दुसऱ्या भागांत बहुतेक पेशांचे कांहीं विशेष प्रकार दिले आहेत. योद्ध्यांत केन्साई म्हणून एक आहे. त्याचा हात इतर योद्ध्यांपेक्षां जबर चालतो आणि दर तीन पायऱ्यांस अधिकच जबर होत जातो. पण त्याबदल्यांत त्यानें चिलखत घालावयाचें नाहीं आणि धनुष्यास हात लावावयाचा नाहीं. एकट्या केन्साईचा हा त्याग त्यास फार भोंवतो. परंतु त्यानें पुढें मंत्रविद्या धरली कीं गंमत होते. मांत्रिकास चिलखत तसेंही चालत नाहीं! जें एका पेशासाठीं सोडलें तेंच दुसऱ्यासाठीं सोडावयाचें होतें; एकाच त्यागाची किंमत दोन ठिकाणीं वसूल झाली. यामुळेंच हा जोड खेळणाऱ्यांत फार आवडता आहे. दोन विद्यांचा मेळ कोणता बरा, हें ठरवितांना आपण त्यांच्या देण्याकडे पाहतों. मागण्याकडे पाहावें, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. दोघींचें मागणें एकच असेल तर त्या सवती नव्हेत, जावा आहेत.

आतां आमचा दुसरा वीर. हा मनुष्य होता, निव्वळ योद्धा. त्यास आम्हीं नवव्या पायरीपर्यंत नेलें, आणि मग मंत्रविद्येकडे वळविलें. असें वळण्यास जुन्या पेशाचा मुख्य गुण, म्हणजे बळ, पंधरा आणि नव्याचा, म्हणजे बुद्धि, सतरा तरी असावी लागते. तेवढी योजना आधींच करून ठेवली होती. वळविल्याबरोबर काय झालें? कालपर्यंत राक्षसांस लोळविणाऱ्या त्या पुरुषाच्या अंगावर एक झगा उरला, आणि दिवसाकांठीं एक मंत्र. तो म्हणून झाला कीं पुन्हां विश्रांति. मार सोसण्याची काटकता तेवढी जुनी राहिली. दहाव्या पायरीस मांत्रिकास अडीच लाख गुण लागतात, म्हणजे नवव्या पायरीच्या योद्धेपणास लागले तितकेच. सगळा मार्ग पहिल्यापासून पुन्हां चालावयाचा. टेबलावरच्या मूळ खेळांत या काळांत जुनी तरवार उचलण्याची अगदींच मनाई नसे. परंतु जो उचली त्यास ती भारी पडे. त्या प्रसंगाचा अनुभव त्याच्या पदरीं पडत नसे. विश्वामित्राचें नाहीं का असेंच झालें? तपाचा संचय व्हावा, आणि जुना क्षत्रियाचा संताप उसळला कीं तो सारा खर्चीं पडावा.

हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसलों. कारण वयाच्या अडतिसाव्या वर्षीं बँकेंतील सोळा वर्षांची हिशेबाची नोकरी सोडून ज्यानें कायद्याच्या कॉलेजांत नांव घातलें, तो मनुष्य म्हणजे प्रस्तुत लेखक होय. बहिणीच्या विनंतींत विनोद होता तो हा. वर्गांत आमच्या निम्म्या वयाचीं मुलें आम्हांस 'काका' म्हणत. दुसऱ्या वर्षीं घरखर्चाची ओढाताण होऊं लागली, म्हणून एका व्यापाऱ्याची वहीखातीं रात्रीं लिहून देण्याचें काम आम्हीं गुपचूप पत्करलें. पैसे मिळाले, आणि त्या वर्षीं एका विषयांत आम्ही नापास झालों. ही गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नव्हती. विषय अवघड होता, एवढेंच सर्वांस ठाऊक. पुढें सनद मिळून एका वकिलांच्या हाताखालीं राहिलों, तेथेंहि पक्षकारास पाणी देण्यापासून आरंभ. पांचव्या वर्षीं भागीदारीच्या हिशेबाचा एक दावा आला, आणि समोरच्या बाजूनें दाखल केलेल्या जमाखर्चांतील चूक आमच्या नजरेस एका रात्रींत पडली, तेव्हां जुनें कुलूप उघडलें. त्या दिवसाची गोष्ट आम्ही पुष्कळांस पुष्कळ वेळां सांगितली आहे. त्यापूर्वींच्या वर्षांची मात्र आम्ही सहसा काढीत नाहीं.

त्या रात्रीं ती भाच्यास सांगितली. वहीखात्यांचीहि सांगितली. तो ऐकत होता, आणि दारांत आमची पत्नी उभी होती हें आम्हांस उशीरां दिसलें.

"तुमच्या त्या मांत्रिकाला एकच मंत्र येत होता तेव्हां लढत कोण होतं?" असें तिनें विचारलें.

"बाकीचे पांच जण, मामी," भाचा म्हणाला. "सहा जणांची टोळी असते."

"आणि त्यांना त्याचं काय मिळतं?"

"जो अनुभव मिळतो तो सगळ्यांत सारखा वांटतात."

"सारखा?" ती म्हणाली, आणि थोडी हंसली. "मग तुमचा खेळ बराच न्यायी आहे."

आमच्या पत्नीनें त्या वर्षीं संस्कृतांत एम. ए. करण्यासाठीं अर्ज भरला होता. ती शाळेंत शिक्षिका. सकाळची शाळा आटोपून दुपारीं वर्गास जावयाचें असा तिचा बेत होता. आम्हीं नोकरी सोडली, आणि दुपारच्या त्या वेळांत शिकवण्या आल्या. तिनें अर्ज मागें घेतला तो केव्हां, हेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. कपाटांतील व्याकरणाचीं पुस्तकें एके दिवशीं एका विद्यार्थिनीस देऊन टाकलेलीं दिसलीं तेव्हां कळलें. "पुढल्या वर्षीं कर," असें आम्ही म्हणालों होतों. तें पुढलें वर्ष आलें नाहीं. आमच्या दोन पेशांची कीर्ति गातांना या पुस्तकांचा उल्लेख आम्हीं कधीं केला नाहीं. म्हणून तो येथें करतों.

पत्नी भाच्याकडे वळून म्हणाली, "तूं जा कीं मिरजेला. चांगली विद्या आहे. पण जाण्याआधीं, तुला येईपर्यंत ओझं कोण वाहणार आहे तें ठरव, आणि त्या माणसाला तोंडानं विचार. आम्हांला कुणी विचारलं नव्हतं."

यावर आम्हांस उत्तर नव्हतें, आणि म्हणीची आठवणहि राहिली नाहीं.

त्यानंतर भाच्यानें आम्हांस त्याच मालिकेंतील तिसरा खेळ दाखविला. तो बेल्जियममधील लॅरियन या मंडळीनें 2023 सालीं काढला. त्यांतील नियम पुष्कळ बदललेले आहेत. पेशे बारा, पायऱ्या एकूण बाराच, आणि कोणत्याहि पायरीवर कोणताहि पेशा घेण्याची मोकळीक. मनुष्य आणि एल्फ हा भेद त्यांत उरलेला नाहीं. परंतु पायरीची किंमत सर्व पेशांस एकच असल्यामुळें जुनी स्वस्ताई गेली. सहा पायऱ्या एकीकडे आणि सहा दुसरीकडे घेणारास कोणत्याच पेशाची सातवी मिळत नाहीं. दुसऱ्या पेशाची एक पायरी घ्यावी ती पहिल्याची शेवटची एक सोडूनच. हा व्यवहार आम्हांस अधिक चोख वाटला, पण मन रमलें नाहीं. त्यांत विदर्स नांवाचा एक सांपळ्यासारखा म्हातारा आहे. त्यास शंभर मोहरा दिल्या कीं तो आपला सारा पेशा पुसून पहिल्यापासून नवा घेऊं देतो, आणि चढलेल्या पायऱ्या तशाच शिल्लक राहतात. "हा फार सोयीचा आहे," असें भाचा म्हणाला. आम्हीं पत्नीकडे पाहिलें. कपाटांतून गेलेलीं पुस्तकें परत आणून देणारा असा म्हातारा पुण्यांत कोठें भेटता तर शंभर काय, हजार मोहरा आम्हीं दिल्या असत्या.

खेळाचा आणि भाच्याच्या निर्णयाचा संबंध किती, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. एक प्रश्न मात्र त्यानें आपण होऊन काढला. "मामा, योद्धेपण फार लौकर सोडलं तर जुनं मागून उघडलं तरी तें कामाचं नसतं, फार उशीरां सोडलं तर तें उघडेपर्यंत खेळच संपतो. मग माझी नववी पायरी कोणती?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं सोडलेली पदवी ही पायरी नव्हे, मधला जिना आहे, हें त्याचें त्यालाच दिसलें. तो त्या रविवारीं साताऱ्यास गेला आणि आईपुढें बसून त्यानें सर्व हिशेब मांडला: पदवीचें राहिलेलें एक वर्ष, कर्जाचे हप्ते, मिरजेचा खर्च, आणि आपण कांहीं मिळवूं लागेपर्यंतचीं वर्षें. बहीण रडली, असें तिनेंच आम्हांस फोनवर सांगितलें. मग म्हणाली, "विचारायला आला, हें बरं वाटलं." तिनें होकार दिला तो तीन वर्षांचा, आणि हप्त्यांपैकीं अर्धे आम्हीं भरावे या अटीवर. ही अट आमच्या पत्नीनें सुचविली होती असा आमचा संशय आहे.

पदवी हातीं येऊन आतां त्यास मिरजेस सहा महिने झाले. पंढरपुराकडून आलेले भोपळे कोणते घ्यावे आणि कोणते टाकावे, एवढेंच तो सध्यां शिकतो आहे, आणि लांकूड घासतो आहे. पहिल्याच आठवड्यांत त्यानें भोपळ्याच्या सालीची जाडी मोजण्यास आपलें मापाचें यंत्र काढलें, तेव्हां तेथील कारागीर म्हणाले, "तें पेटींत ठेव. आधीं बोटानं वाजवून बघायला शीक. बोटाला कळूं लागलं कीं मग काढ." हें त्यानें आम्हांस हंसत सांगितलें. त्या म्हाताऱ्या कारागिरानें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम वाचले असण्याचा संभव नाहीं.

आमच्या घरांत एवढाच फरक झाला आहे कीं, दुपारीं दोन ते पांच या वेळांत चहा आम्ही करतों. पत्नीनें एम. ए. चा अर्ज पुन्हां भरला असून तिच्या वर्गांतील मुलीं तिला 'काकू' म्हणतात. व्याकरणाचीं पुस्तकें नवीं घ्यावीं लागलीं. आमचा मांत्रिक आठव्या पायरीवर येऊन थांबला आहे. त्याला पुढें नेण्यास अलीकडे वेळ होत नाहीं.